दारू प्यायल्यावर किल्ली कोणाकडे? तरुणांनी आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलो तर दंड भरून मोकळे होता येते, हा समज तरुणांमध्ये फार पक्का आहे आणि पुढचे बरेचसे नुकसान याच समजातून होते. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नसेल तर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटते. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 185 चा, म्हणजे दारू पिऊन वाहन चालवण्याचा, गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत मोडत नाही. तो न्यायालयात जातो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला की तुमच्या नावावर दोषसिद्धी नोंदली जाते. म्हणून दंडाची पावती हा प्रकरणाचा शेवट आहे असे मानू नका. तुम्ही चालवत होता ते वाहन स्कूटर होते की मोटार, याने या कलमात काहीही फरक पडत नाही.

कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः मांडावा. 30 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतके असते. ‘फक्त एक बिअर घेतली’ या वाक्याचा अर्थ त्यामुळे पुष्कळ बदलतो. 60 किलो वजनाच्या तरुणाने ती बाटली थोड्या वेळात संपवली, तर त्याच्या रक्तातील प्रमाण 100 मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीने ते कमी करते, म्हणजे मर्यादेखाली येण्यासच जवळपास पाच तास लागतात आणि पूर्ण उतरण्यास त्याहून अधिक. तेवढ्याच दारूने स्त्रियांच्या रक्तातील प्रमाण सहसा अधिक चढते. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ किंवा उलटी यांपैकी कशानेही यकृताची गती वाढत नाही. रात्री दोनपर्यंत पिऊन सकाळी सातला कामावर किंवा महाविद्यालयात गाडीने निघणारा माणूस स्वतःला शुद्धीत समजत असला, तरी त्याच्या रक्तात मर्यादेपेक्षा अधिक अल्कोहोल असू शकते. या हिशेबाचा उपयोग ‘किती प्यायलो तर चालेल’ हे काढण्यासाठी करू नका, कारण वजन, जेवण आणि प्रकृतीनुसार आकडे बदलतात. पिणार असाल त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एवढाच त्यातून निघणारा सुरक्षित निष्कर्ष आहे.

हा निर्णय पहिला पेला भरण्यापूर्वीच घ्यावा लागतो, कारण दारू सर्वांत आधी ज्या विवेकबुद्धीला मंद करते तिच्याकडूनच नंतर आपण निवाडा मागत असतो. घरून निघतानाच गाडी ठेवून जा. रिक्षा किंवा कॅबचे जाण्या-येण्याचे पैसे बाजूला काढा, किंवा रात्री तिथेच मुक्कामाची सोय करा. गटात एकजण न पिणारा चालक ठरवला असेल तर त्याने एक घोटही घेऊ नये. ‘सर्वांत कमी प्यायलेला’ हा न प्यायलेला नव्हे. फार्महाऊस, लोणावळा किंवा गोव्याची सहल अशा ठिकाणी रात्री वाहन मिळत नाही, म्हणून तेथे ही सोय दिवसाउजेडी ठरवून ठेवणे अधिक गरजेचे आहे. मित्र झिंगलेला असताना त्याच्या हाती किल्ली देणाऱ्यानेही एक गोष्ट जाणून असावी: कलम 188 प्रमाणे अशा गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यास मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. किल्ली काढून घेतल्याने होणारे भांडण दुसऱ्या दिवशी मिटते, आणि मला ते मैत्रीचेच कर्तव्य वाटते.

नाकाबंदीत थांबवले गेल्यास पळू नका, वाद घालू नका आणि पैसे देऊ करू नका, कारण लाच देऊ करणे हा आणखी एक स्वतंत्र गुन्हा आहे. श्वास चाचणीस सबळ कारणाविना दिलेला नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. घरच्यांना आणि वकिलाला लगेच कळवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, कोठडीत असलेल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले यांना तेथे मोफत साहाय्य मिळते. गुन्हा कबूल करावा की नाही, हे वकिलाशी बोलल्यावरच ठरवा, आणि कोणतीही तारीख चुकवू नका, कारण गैरहजेरीने वॉरंट निघते.

अपघात झाला तर जागा सोडू नका. 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलिसांना बोलवा. जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ती मिनिटे एखाद्याचा जीव वाचवू शकतात. ‘गाडी मी चालवत नव्हतो’ असे सांगून दुसऱ्याला पुढे करणे प्रकरण कित्येक पटींनी बिघडवते. पुण्यातील कल्याणीनगरमध्ये मे 2024 मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह मुलाच्या आई-वडिलांनाही अटक झाली. पालकांनी हे विशेषतः ध्यानात घ्यावे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास कलम 199अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. जीव गेला असेल तर पोलीस केवळ निष्काळजीपणाचे कलम न लावता सदोष मनुष्यवधाचेही लावू शकतात. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मारले गेले. चालक तरुण होता, त्याला झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली. म्हणजे अपघातानंतरची पाच वर्षे खटल्यातच गेली होती. त्या सात मजुरांच्या घरच्यांच्या वाट्याला जे आले, त्याची भरपाई कोणत्याही शिक्षेने होत नाही.

पैशाचे ओझेही लहान नसते. चालक नशेत होता असे सिद्ध झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा नाकारला जातो. मृताच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई विमा कंपनीने भरली तरी ती नंतर वाहनमालकाकडून, म्हणजे अनेकदा तुमच्या वडिलांकडून, वसूल केली जाऊ शकते.

नोकरी आणि परदेशगमनाच्या बाबतीत एकच सूत्र सांभाळा: विचारलेले लपवू नका. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात, फौजदारी प्रकरणांची माहिती विचारतात, आणि प्रकरण किरकोळ असतानाही ते दडवल्यामुळे नेमणूक गमावलेले उमेदवार आहेत. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटकेबद्दल थेट प्रश्न असतो. कॅनडाने डिसेंबर 2018 पासून नशेत वाहन चालवणे हा गंभीर गुन्हा मानल्याने तेथे प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. उच्च शिक्षणासाठी निघणाऱ्यांनी निकालपत्राची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि परवाना निलंबित झाला असल्यास त्याचा आदेश ही कागदपत्रे जपून ठेवावीत, आणि अर्ज भरण्यापूर्वी त्या देशाच्या नियमांचा जाणकार वकील गाठावा.

पिऊन गाडी चालवण्याची वेळ एकाहून अधिक वेळा आली असेल, किंवा न पिता संध्याकाळ काढणे जड जात असेल, तर प्रश्न आता गाडीपुरता उरलेला नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय किंवा पुण्यातील मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र गाठावे, आणि खटला सुरू असला तरी उपचार निकालापर्यंत पुढे ढकलू नयेत.