रेल्वेचे तिकीट नेमके कशाने महागले, ते आधी शोधा

एकूण रकमेवर न थांबता भाड्याचा तपशील उघडा. मूळ भाडे, आरक्षण शुल्क, सुपरफास्ट अधिभार, एसी डब्याला जीएसटी, राजधानी-शताब्दीत जेवण असे सगळे वेगवेगळे दिसते. जेवण नको असेल तर बुकिंग करतानाच तसे निवडा.

राजधानी, शताब्दी, दुरांतोच्या बहुतेक वर्गांत फ्लेक्सी फेअर असते. दर 10 टक्के जागा गेल्या की मूळ भाडे 10 टक्क्यांनी चढते, कमाल 1.4 पटीपर्यंत. म्हणजे 40 टक्के जागा संपल्या की 2000 चे 2800 झालेच. वाढ विकलेल्या जागांवर ठरते, तारखेवर नाही. म्हणून गर्दीच्या दिवसांसाठी 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता आरक्षण उघडताच तिकीट काढा. उशीर झालाच, तर त्याच मार्गावरची साधी सुपरफास्ट बघा. मुंबई-दिल्लीला पंजाब मेल आहे. वेळ बराच जास्त लागतो, पण फ्लेक्सी नाही. फर्स्ट एसीलाही फ्लेक्सी लागत नाही, त्यामुळे सेकंड एसी चढलेले असताना दोन्हींची तुलना जरूर करावी.

तत्काळमध्ये खरी मेख अंतराची आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला किमान 500 किलोमीटरचे भाडे लागते. पुणे-मुंबई जेमतेम 192 किलोमीटर, तरी स्लीपर तत्काळला 500 चेच पैसे जातात! सेकंड सीटिंगला ही मर्यादा 100 किलोमीटर आणि तत्काळ शुल्क 10 ते 15 रुपये. जवळच्या प्रवासाला तेच घ्या. प्रीमियम तत्काळचा दर मागणीप्रमाणे चढत जातो, तो शेवटचा पर्याय. कन्फर्म तत्काळ रद्द केले तर परतावा नाही.

क्रमांक 0 ने सुरू होणाऱ्या अनेक स्पेशल गाड्यांना विशेष भाडे असते. नेहमीच्या गाडीत जागा आहे का, ते आधी तपासा.

एकाच गाडीचे दोन तुकड्यांत तिकीट काढून सहसा पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, शिवाय प्रत्येक तुकड्याला आरक्षण शुल्क आणि किमान अंतराचे भाडे पुन्हा लागते.

ऑनलाइन सुविधा शुल्क तिकिटामागे असते, माणसामागे नाही. यूपीआयने भरल्यास बिगर-एसीला 10 आणि एसीला 20 रुपये, वर जीएसटी. त्यामुळे घरातल्या सहा जणांचे एकच तिकीट काढा, तत्काळमध्ये चौघांचे.