स्टीलचं १९११ पिस्तूल रोज कमरेला लावायचं असेल तर

आधी बेल्ट घ्या, पिस्तूल नंतर. पॉलिमर म्हणजे प्लास्टिक बॉडीचं ग्लॉक १९ पिस्तूल रिकामं साधारण ६०० ग्रॅम आणि स्टीलचं फुल साइझ १९११ रिकामंच ११०० च्या आसपास, म्हणजे साध्या बेल्टवर दुपारपर्यंत पँट खाली आलीच समजा, त्यामुळे जाड दुहेरी चामड्याचा बेल्ट आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच. पण त्याच वजनामुळे फायर करताना झटका कमी बसतो, वर सिंगल स्टॅक (मॅगझिनमध्ये गोळ्यांची एकच रांग) असल्याने अंगाला चपटं लागतं, पॉलिमरवाले हे कबूल करणार नाहीत ते सोडा. गोळ्या मात्र ७-८ च, ग्लॉकमध्ये १५.

जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेल्या या १९११ ला अंगठ्याची सेफ्टी (चुकून फायर होऊ नये म्हणूनची कळ) आहे, ती खाली करायची सवय घरी लावा, मॅगझिन काढून आणि चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघूनच.

टेक्सासच्या उन्हाळ्यात घामाने ब्लूइंगवर (स्टीलवरच्या निळसर-काळ्या थरावर) गंज पटकन धरतो, खासकरून लाकडी ग्रिपच्या कडेला, म्हणून रात्री पुसून तेलाचा हलका हात फिरवा, कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.

आणि एच-वन-बीवाल्यांनो, थोडे अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही, आधी वकिलाला विचारा.