तपासणीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की नजर प्रथम ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते आणि ठळक आकडा म्हणजे आजार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शेजारी छापलेली संदर्भमर्यादा बहुधा निरोगी व्यक्तींपैकी ९५ टक्के लोकांच्या आकड्यांवरून ठरवलेली असते; त्यामुळे दर वीस निरोगी माणसांमागे साधारण एकाचा आकडा तिच्याबाहेर जातोच. वीस-पंचवीस चाचण्या एकदम केल्यावर एखादा आकडा किंचित वरखाली दिसला, तर त्यात नवल नाही.

याच्या उलट चूक मात्र अधिक महागात पडते. मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वर्षभरात ०.७ वरून १.१ वर गेले, तर दोन्ही आकडे मर्यादेत बसू शकतात आणि रिपोर्टवर कोणतीही खूण येत नाही. तरीही मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच घटलेली असू शकते. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवावेत आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेतले आकडे परस्परांशी ताडून पाहावेत. एककही तपासावे, कारण मिलिमोलमध्ये ५.५ आणि मिलिग्रॅममध्ये ९९ ही रक्तशर्करेची जवळपास एकच पातळी आहे.

नमुन्याचा विचार तर क्वचितच कोणी करतो. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. काही जणांच्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजते; अशा वेळी काचपट्टीवर रक्त पाहून किंवा सायट्रेट हे तसेच दुसरे द्रव्य असलेल्या नळीत पुन्हा नमुना घेऊन खरी संख्या कळते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉइडच्या काही चाचण्यांचे निकाल बिघडवतात, पण ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा उल्लेख सहसा राहून जातो.

बायोप्सीच्या रिपोर्टखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवलेले दिसले, की पॅथॉलॉजिस्टने हात झटकले असे अनेकांना वाटते. वस्तुतः काचपट्टीवरचे निदान लक्षणांशी आणि स्कॅनशी जुळते का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पाहावे, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो कागद शंकांसह त्यांच्यासमोर ठेवावा. मात्र प्रयोगशाळेने स्वतः फोन करून एखादा आकडा धोकादायक असल्याचे कळवले, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांशी संपर्क साधावा.