रेकॉर्डर हातात घेतल्यावर

रेकॉर्डर म्हणजे तोंडाशी उभी धरून फुंकायची पाश्चात्त्य बासरी. विकत घेताना समोरची भोकं वरून मोजा. चौथं भोक पाचव्यापेक्षा मोठं असेल तर ती जर्मन बोटरचना (कोणत्या सुराला कोणती बोटं, याची पद्धत), परत ठेवा. तिच्यात एफ हा पाश्चात्त्य सूर सोपा होतो, पण एफ शार्प, म्हणजे त्याच्या अर्धा सूर वरचा, कायमचा डोकं खातो. दुसऱ्या, म्हणजे बॅरोक बोटरचनेचा, प्लास्टिकचा सोप्रानो (लहान, उंच सुरांचा रेकॉर्डर) घ्या. चांगल्या प्लास्टिकला नाकं मुरडणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

डावा हात वर. मागचं भोक डाव्या अंगठ्याचं. उजवा अंगठा फक्त आधाराला. भोकं बोटांच्या टोकांनी नाही, गादीने झाका. अंगठा आणि तर्जनी म्हणजे बी, मधलं बोट ठेवलं की ए, अनामिका ठेवली की जी. हे तीन सूर स्वच्छ येईपर्यंत उजवी बोटं स्वस्थ बसू द्यात.

खरी मेहनत फुंकेची. बासरीत हवेची धार ओठ घडवतात. इथे ते काम तोंडाजवळची अरुंद वाट करते. म्हणून आवाज लगेच निघतो आणि माणूस जोर लावतो. जोर लावला की सूर चढतो. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तेवढीच हवा पुरे. खालच्या सुरांना त्याहून कमी.

प्रत्येक सूर जिभेने सुरू करा, 'डू' म्हटल्यासारखा. व्हेनिसचे वादक सिल्वेस्त्रो गनासी यांनी १५३५ सालीच जिभेच्या बोलांच्या 'ते-के', 'ते-रे', 'ले-रे' अशा जोड्या लिहून ठेवल्या आहेत. 'ते-रे' आधी घोटा. जलद वाजवताना तीच कामी येते.

वरच्या सप्तकासाठी अंगठा उचलायचा नाही. पेर वाकवून नखाशेजारी बारीक फट ठेवा. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळेच ती फट गरजेपेक्षा मोठी ठेवतात. नखं कापलेली असू द्यात.

मधेच आवाज घुसमटला तर वाटेत पाणी साचलंय. तोंडाकडच्या टोकाजवळची चौकोनी खिडकी तळहाताने झाका आणि जोरात फुंका. खिडकीच्या धारेला काडी, कापड काही लावू नका.

कार्यक्रमपत्रिकेत स्वतःला रेकॉर्डरवादक लिहा. नुसतं बासरीवादक लिहिलंत तर लोक आडवी बासरी शोधत बसतील. जर्मन संगीतकार बाखच्या काळातल्या स्वरलेखनात मात्र उलटं आहे: नुसतं 'फ्लौतो' म्हणजे बहुधा रेकॉर्डर, आडव्या बासरीला 'त्राव्हेर्सो'. तसं काही वाजवायचं ठरवलंत तर एफपासून सुरू होणारा ऑल्टो (सोप्रानोहून मोठा, खालच्या सुरांचा रेकॉर्डर) लागेल. बोटं तीच, सुरांची नावं बदलतात. सोप्रानोवर जिथे जी होता, तिथे ऑल्टोवर सी वाजेल.