सोर्स रॉकमधून, म्हणजे तेल जिथं तयार होतं त्या खडकातून, तेल किती निघालं असेल? नवीन जिऑलॉजीवाल्यांसाठी थोडं

सोलापुरात बसून तेलाचा अभ्यास कसला करतोस, असं घरचेच विचारायचे, आणि खरंय ते, आपल्या पायाखाली सगळा डेक्कन ट्रॅपचा काळा दगड, लाव्हात कसला आलाय सेंद्रिय माल. पण सॅम्पल गुजरातचे असोत नायतर समुद्रातले, आपल्यापुढं येतात ते एक्सेलमधले आकडेच, ते सोलापूरच्या सात रस्ता चौकात बसूनपण बघता येतात की.

पहिल्यांदा रॉक-इव्हल ही खडकाची चाचणी नीट समजून घ्या. खडकाची पूड तापवतात, 300 डिग्रीच्या आसपास जे उडून येतं ते एस-1, पुढं तापवत नेल्यावर केरोजेन (खडकातला घट्ट सेंद्रिय माल) फुटून जे निघतं ते एस-2. एस-2 ला टीओसीनं (खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन, टक्क्यांत) भागून 100 नं गुणलं की हायड्रोजन इंडेक्स, एचआय. टीओसी अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर त्या एचआयवर लई विश्वास ठेवू नका, चिकणमाती एस-2 धरून ठेवते आणि आकडा उगाच कमी दिसतो.

खरी गोम पुढंय. आपल्याला मिळणारा एचआय आजचा, तेल निघून गेल्यानंतरचा. कारखान्यातलं चिपाड हातात देऊन उसात रस किती होता विचारल्यासारखं आहे हे. म्हणून त्याच फॉर्मेशनचे (खडकाच्या थराचे) न पिकलेले, म्हणजे तेल अजून न सुटलेले सॅम्पल शोधायचे, बेसिनच्या (गाळ साठलेल्या खोलगट भागाच्या) कडेला, टीमॅक्स (एस-2 सगळ्यात जास्त निघतं ते तापमान) 435 डिग्रीच्या खाली असलेले, त्यावरून मूळ एचआयचा अंदाज.

आता हिशोब बघा. 100 चौ.किमी, जाडी 50 मीटर, घनता घनमीटरला 2.4 टन, टीओसी 2 टक्के, म्हणजे सेंद्रिय कार्बन 24 कोटी टन. मूळ एचआय 400, आजचा 150, फरक 250, एचआय ग्रॅमभर कार्बनमागं मिलिग्रॅममध्ये असतो, म्हणजे टनभर कार्बनमागं 250 किलो, एकूण 6 कोटी टन. आता मूळ एचआय 300 धरा, 3.6 कोटी होतं. 600 धरा, 10.8. बाकी काहीच हलवलं नाही! जाडीचा दशांश कोरत बसणारे लई बघितलेत, तो वेळ एचआयला द्या ओ. (आजचा टीओसीपण मूळपेक्षा कमीच असतो, ते वेगळंच.)

म्हणून माँटे कार्लो. प्रत्येक इनपुटला रेंज द्या, हजारो वेळा चालवा, मग पी90, पी50, पी10 वाचा, यात पी90 म्हणजे लहान आकडा, त्याच्या वर जायची शक्यता 90 टक्के. तीन इनपुटचे पी90 गुणून त्यालाच उत्तराचा पी90 म्हणू नका, तिन्ही सुटे (एकमेकांवर न अवलंबून) असतील तर तिन्ही एकदम तेवढे खाली यायची शक्यता हजारात एक. पण सुटे असतातच असं नाही, टीओसी वाढला की बऱ्याचदा एचआयपण वाढतो, ते कोरिलेशन टाकलं नाही तर रेंज खोटी अरुंद दिसते.

आणि हे सगळं फक्त तयार झालेलं. खडकातून बाहेर किती पडलं, वाटेत किती हरवलं, ट्रॅपमध्ये (तेल अडकून राहतं ती जागा, डेक्कन ट्रॅप नव्हे) किती साठलं ते पुढचं. रिपोर्टात तयार झालेलं आणि साठलेलं हे दोन्ही कॉलम वेगळे ठेवा, नायतर मीटिंगमध्ये कुणीतरी 6 कोटी टन रिझर्व्ह (काढता येण्याजोगा साठा) म्हणून उचलतंच.