जुन्या कॅम्पर व्हॅनचे हेडलाइट मंद पडले? बल्ब घेण्याआधी व्होल्टेज मोजा

दिवे मंद झाले की दुकानदार आधी नवा बल्ब देतो, त्याने भागलं नाही तर शंभर वॅटचा, आणि शेवटी एलईडी. पण जुन्या व्हॅनमध्ये दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतोच. तो असतो बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वायरिंगमध्ये, नाहीतर बल्बपासून बॉडीपर्यंतच्या अर्थिंगमध्ये. मारुतीने ओम्नी 2019 मध्ये बंद केली, मॅटडोर तर कधीच इतिहासजमा झाली. अशा गाडीच्या मागच्या सीट काढून पलंग नि शेगडी बसवली, तरी पुढचं वायरिंग जुनंच राहतं, आणि कोकणातल्या दोन-चार पावसाळ्यांत त्यावर हिरवा थर चढतो.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. म्हणून अर्ध्या-एका व्होल्टचा शोध घेणं फुकट जात नाही.

आधी लक्षणं नीट बघा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून एकेक बटण लावा. एकाच बाजूचा डिप्पर (जवळचा, खाली झुकलेला उजेड) गेला असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचा फ्यूज. दोन्ही डिप्पर गेले आणि अप्पर (लांबचा उजेड) चालू असेल तर संशय स्विचवर किंवा रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). पण कित्येकदा एक डिप्पर महिनोन्‌महिने बंद असतो, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसरा उडाला की एकदम अंधार होतो. खड्ड्यात आदळल्यावर दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे.

इंडिकेटर लावल्यावर त्याच तालात हेडलाइट धडधडतो का, किंवा अप्पर मारल्यावर पार्किंग लाइट विचित्रपणे मिणमिणतो का, हेही बघा. तसं होत असेल तर पुढचा शोध बराच सोपा: त्या बाजूचं अर्थिंग खराब आहे. विजेला बॉडीतून परतायला वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या दिव्यातून जाते.

बॅटरी आणि बल्ब

वायरी उपसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॅम्परमध्ये एवढं पुरत नाही. मागची घरगुती बॅटरी, सोलर आणि इन्व्हर्टर वेगळे चालू राहतात, त्यांचंही बटण बंद करा.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. मोजायच्या वेळी निगेटिव्ह परत जोडा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. इंजिन चालू, दिवे चालू, तर 13.8 ते 14.4 हवेत. 13 च्या खाली असेल तर हेडलाइट सोडा, आधी अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारं यंत्र) आणि त्याचा पट्टा बघा.

बल्ब तपासायची सोपी रीत म्हणजे डावीकडचा उजवीकडे घालून बघायचा. दोष बल्बबरोबर सरकला तर बल्ब खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग. हॅलोजनची काच बोटांनी धरू नका. तेलकट डागावर ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. होल्डर वितळून तपकिरी झालेला असेल तर नवा घ्या, टेप गुंडाळून वापरू नका.

खरी चाचणी

आता मुख्य काम. बल्ब काढून मोकळ्या होल्डरमध्ये मीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, सप्लाय ठीक आहे. ती फसवणूक आहे. तुटत आलेल्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटरला 12 दिसतं, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब लावलेला असावा, दिवा पेटलेला असावा, इंजिन चालू असावं, आणि मगच मोजावं.

ओम्नीसारख्या गाड्यांत बॅटरी आणि हेडलाइट लांब असतात, म्हणून एक लांब वायर क्रोकोडाइल क्लिपने बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून पुढे आणा. मीटरची एक पिन तिला, दुसरी होल्डरच्या मागून सप्लायच्या पिनेला टेकवा. मीटरवर जे दिसेल ते वाटेत खर्ची पडलेलं व्होल्टेज. मग लांब वायर निगेटिव्हला लावून बल्बच्या अर्थ पिनेशी हेच करा. एका बाजूला 0.2 ते 0.3 व्होल्ट चालतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दोष तिथे. दोन्ही बाजू मिळून दीड-दोन व्होल्ट निघाले तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

एक सावधगिरी: काही जपानी घराण्याच्या गाड्यांत स्विच पॉझिटिव्हवर नसून अर्थच्या वाटेवर असतो. बल्बच्या सामाईक पिनेवर (डिप्पर-अप्पर दोन्हींची एकच पिन) अर्थऐवजी 12 व्होल्ट दिसले तर समजा की तुमची गाडी त्यातली. मग "अर्थ खराब" म्हणजे स्विचही असू शकतो, आणि बाजारातलं सरसकट रिले किट तिला चालणार नाही. विकत घेण्याआधी हे तपासाच.

दुरुस्ती

अर्थिंगचा बोल्ट उघडा, खालची बॉडी पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, वायरला नवा लग (टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा. आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी नको.

फ्यूजचे पाय काळवंडले असतील तर तेही घासा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपियरचा. जास्त अँपियरचा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते. स्विच वीस मिनिटांनी गरम लागत असेल, किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर रिले बसवणं हाच उपाय. रिलेच्या टोकांवर नंबर असतात: 30 नंबरचं टोक बॅटरीपासून 15 ते 20 अँपच्या फ्यूजमधून, 87 बल्बकडे, जुनी वायर फक्त 85-86 ला, म्हणजे रिले चालवायला. वायर अडीच चौरस मिमीची. डिप्पर आणि अप्परला वेगवेगळे रिले.

शंभर-नव्वद वॅटचा बल्ब लावू नका. मूळचं 60/55 वॅटचं काम रिलेनेच सुधारतं. जास्त वॅटने करंट वाढतो, व्होल्टेज आणखी घसरतं आणि होल्डर वितळतो.

कॅम्परचं खास दुखणं

ज्याने आत पलंग बसवला त्याने मोबाइल चार्जर, पंखा आणि एलईडी पट्टीसाठी जवळची वायर सोलली, आणि ती हेडलाइटची निघाली, असं फार वेळा दिसतं. पिळून टेप मारलेला प्रत्येक जोड शोधा. आतल्या सामानाला मागच्या बॅटरीवरून वेगळी, फ्यूज असलेली लाइन द्या.

फोकस

पाण्याची टाकी भरलेली, सामान भरलेलं, तेवढ्याच वजनात फोकस लावा. मागे ओझं आलं की नाक वर जातं आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून डिप्परच्या उजेडाची वरची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली ठेवा. आपल्याकडे ती डावीकडे वर चढलेली असावी. उजवीकडे चढत असेल तर ती काच उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातली आहे, बदलून घ्या.