बूम पंपात काँक्रीट सेट व्हायला लागलं तर आधी काय वाचवायचं

पंप जाम झाला की साइटवर सगळे माना वर करून बूमकडे (पाईपलाईन उचलून धरणाऱ्या लांब हाताकडे) बघायला लागतात, कुठल्या पाईपात अडकलंय, कुठला बेंड ठोकायचा, आणि तेवढ्यात इकडे हॉपरमधलं (मिक्सरचा माल पडतो त्या खालच्या भांड्यातलं) काँक्रीट आवळत जातं. पाईप शेवटी झिजणारी, बदलायचीच वस्तू आहे हो. हॉपर, एस-पाईप (हॉपरमधला, दोन सिलेंडरांमध्ये इकडून तिकडे फिरणारा वाकडा पाईप) आणि मटेरियल सिलेंडर (माल ढकलणारे) सेट झाले तर मात्र अख्खं मशीन बसलं. म्हणून आधी खालचं, मग वरचं.

सुरुवात रिव्हर्सने. दोन-चार स्ट्रोक उलटे मारा, प्रेशर उतरू द्या, मग हळूच फॉरवर्ड. असं दोन-तीनदा करूनही हललं नाही तर फॉरवर्ड दाबत बसू नका, कारण जितका जोर लावाल तितकं पाणी आणि सिमेंट खडीतून पिळून पुढे निघून जातं आणि मागे कोरड्या खडीचा बूच अजून घट्ट बसतो. आणि वेळ मोजायची ती प्लांटवर मिक्समध्ये पाणी पडलं तिथपासून, पंपात माल आला तेव्हापासून नाही. मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकून आला असेल आणि वर ऊन कडक असेल तर तुमच्या हातात वाटतो त्यापेक्षा खूप कमी वेळ असतो.

मग हॉपर रिकामा करायचा. लाईनमधला दाब रिव्हर्सने काढून घ्या, खालचं झाकण उघडून माल पाडा, जोरात पाणी मारा, सिलेंडरमधला माल उलट-सुलट स्ट्रोकने बाहेर काढा, पण ते होईस्तोवर हॉपरवरची जाळी बंद आणि सगळ्यांचे हात बाहेर. हात घालायची वेळ आलीच तर इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, आणि अॅक्युम्युलेटरचं (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीचं) प्रेशर गेजवर शून्य दिसलं पाहिजे. इंजिन बंद असलं तरी साठलेल्या प्रेशरवर एस-पाईप एका झटक्यात इकडून तिकडे जातो, मध्ये बोट आहे का हात ते त्याला कळत नाही. वॉटर बॉक्सचंही (सिलेंडरांमागच्या पाण्याच्या पेटीचंही) तेच.

पाणी कमी आहे, माल निघायला वेळ लागणार आहे, अशा वेळी साखर विरघळवलेलं पाणी हॉपरमध्ये ओतून अॅजिटेटर (आतला माल ढवळणारा दांडा) फिरवत ठेवतात. हा जुगाड खरा आहे, साखरेने सिमेंट सेट होणं लांबतं. पण अजून ओल्या असलेल्या मालावरच, एकदा कडक झालं की पोतंभर ओतलं तरी काही होत नाही. आणि तो माल नंतर स्लॅबात अजिबात घालू नका, फेकूनच द्या.

आता वरचं. बूम हळूहळू खाली घेऊन जमिनीलगत आणा. पाईपवर हलकं ठोकत जा, रिकामा पाईप वाजतो आणि भरलेला ठप्प आवाज देतो, त्यावरून बूच कुठे आहे कळतं, बहुतेक वेळा रिड्युसर (पाईप अरुंद होतो तो तुकडा) नाहीतर बेंडमध्येच असतो. क्लॅम्प उघडायच्या आधी परत रिव्हर्स मारून दाब काढा, उघडताना बाजूला उभं राहा, तोंड दुसरीकडे, चष्मा घातलेला. १२५ मिमीच्या पाईपात मीटरला साधारण ३० किलो काँक्रीट बसतं, म्हणजे ३ मीटरचा तुकडा नुसत्या मालानेच ९० किलोच्या आसपास, पाईपचं वजन वेगळं. दोन हेल्पर खांद्यावर घेऊन उतरवतील असली ही गोष्ट नाही, क्रेन किंवा चेन ब्लॉक लावा. भरलेल्या पाईपांसकट गाडी रस्त्यावर काढणं तर विसराच.

काढलेल्या पाईपातला माल अजून हिरवा, म्हणजे पूर्ण कडक न झालेला असेल तर पाईप तिरका धरून पाणी सोडा, लाकडी हातोड्याने टिचक्या द्या, माल सुटतो. पूर्ण सेट झाला असेल तर घणाने बडवू नका, डबल वॉलच्या पाईपचा आतला थर कडक पण ठिसूळ असतो, त्याला चीर जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हाय प्रेशर वॉटर जेटिंगवाल्याला बोलवा, सरळ पाईप वाचतात. सेट झालेला बेंड मी तरी सरळ भंगारात टाकेन, त्यात घालवलेल्या दिवसाची किंमत नव्या बेंडपेक्षा जास्त होते.

हॉपरमध्ये दगड झालाच असेल तर छोटा ब्रेकर घ्या आणि मधून कडेकडे या, एस-पाईप, सील आणि अॅजिटेटरच्या बेअरिंगजवळ आलात की छिन्नी-हातोडी. कुणीतरी अॅसिड आणायला निघेलच, थांबवा त्याला. हायड्रोक्लोरिक अॅसिड सिमेंट खातं तसं सिलेंडरचं क्रोमही खातं, आणि क्रोम गेलं की पिस्टनचे रबर टिकत नाहीत.

राहिलेली लाईन धुवायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बूच अचानक सुटला की शेवटचा होज जिवंत सापासारखा फिरतो आणि समोरच्याचं डोकं फोडतो. भिजवलेला स्पंज बॉल होजच्या तोंडात घालून रिव्हर्सने मागे ओढून घ्या.

परत जोडताना क्लॅम्पचे सील नवे टाका, ठोकलेल्या पाईपांची जाडी गेजने तपासा, आधी पाणी, मग स्लरी (सिमेंट-पाण्याचा पातळ घोळ) सोडा, आणि माल एकसारखा यायला लागेपर्यंत होजजवळ कुणाला उभं राहू देऊ नका.